शेज, खण आणि कपाट : मराठी शयनगृहाच्या शब्दसंपदेचा विचार

१

घर हा भाषेच्या अभ्यासकास सहज उपलब्ध असणारा, परंतु सहसा दुर्लक्षिलेला कोश होय. घराच्या प्रत्येक भागास नाव असते, प्रत्येक नावास इतिहास असतो, आणि त्या इतिहासात त्या घरी राहणाऱ्यांच्या परस्परसंबंधांची नोंद नकळत झालेली असते. अलीकडच्या काळात शयनगृहाची सजावट हा विषय नियतकालिकांतून, जाहिरातींतून आणि बांधकाम-व्यावसायिकांच्या पत्रकांतून पुष्कळ चर्चिला जातो. भिंतीत बसविलेली कपाटे, पोटात सामान घेणारे पलंग, स्वतंत्र स्नानगृहासह असलेली प्रशस्त दालने यांची वर्णने त्यांत असतात. या वर्णनांची भाषा पाहिली तर तीत एक गोष्ट प्रामुख्याने दृष्टोत्पत्तीस येते. ‘बेडरूम’, ‘मास्टर बेडरूम’, ‘वॉर्डरोब’, ‘स्टोरेज’, ‘लॉफ्ट’, ‘सूट’ ही नावे इंग्रजी आहेत. त्यांना जोडणारे प्रत्यय आणि क्रियापदे तेवढी मराठी आहेत. यावरून मराठीला निजण्याच्या खोलीविषयी स्वतःचे शब्दच नव्हते असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो चुकीचा ठरेल. शब्द होते आणि विपुल होते. मात्र ते निराळ्या तऱ्हेने रचलेले होते. ही रचना कशी होती आणि ती का बदलली, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२

प्रथम एका शब्दगटाकडे लक्ष देऊ. ‘घर’ हे उत्तरपद घेऊन मराठीने घराच्या भागांची कितीतरी नावे सिद्ध केली आहेत : स्वयंपाकघर, देवघर, न्हाणीघर, कोठीघर. या सर्वांत पूर्वपद त्या जागेचे प्रयोजन सांगते. जेथे स्वयंपाक होतो ते स्वयंपाकघर, जेथे देव असतात ते देवघर. या न्यायाने जेथे निजतात त्या जागेस सामान्य घरात सर्रास वापरला जाणारा असा एखादा शब्द असावयास हवा होता. ‘शेजघर’ हा शब्द भाषेत आहे, परंतु तो मुख्यतः श्रीमंतांच्या वाड्यांचा व देवळांचा. शेतकऱ्याच्या वा भिक्षुकाच्या घरात शेजघर नसे. तेथे पुरुषमंडळी ओटीवर, ओसरीवर किंवा पडवीत निजत. बायका व मुले माजघरात निजत. प्रयोजनवाचक नावांच्या मालिकेत येथे एक रिकामी जागा राहिली आहे, आणि ही रिकामी जागा अर्थपूर्ण आहे.

केवळ शब्दाच्या अभावावरून वस्तूचा अभाव सिद्ध करणे धोक्याचे असते, हे खरे. परंतु येथे शब्दाचा अभाव आणि घराची रचना ही दोन्ही परस्परांस पुष्टी देतात. ‘माजघर’ हे नाव प्रयोजन सांगत नाही, स्थान सांगते. संस्कृत ‘मध्य’, प्राकृत ‘मज्झ’, मराठी ‘माज’ अशी ही परंपरा आहे. ‘माज’ याचा मराठीत कंबर असाही अर्थ होतो, कारण कंबर हा शरीराचा मध्य. माजघर म्हणजे घराची कंबर. तेथे दिवसा धान्य निवडले जाई, मुले खेळत, दुपारी बायका टेकत, आणि रात्री तेथेच अंथरुणे पडत. जागा एक, कामे अनेक. म्हणून नावाने कोणत्याही एका कामाचा पक्ष घेतला नाही.

क्रियापदे पाहिली म्हणजे हीच गोष्ट अधिक स्पष्ट होते. मराठीत अंथरूण ‘घालतात’ आणि ‘काढतात’. सकाळी अंथरुणाची वळकटी होते व ती कोपऱ्यात वा माळ्यावर जाते. शयनगृह हे अशा घरात स्थळापेक्षा वेळेचे नाव होते. दिवेलागणीनंतर काही तासांनी ते उत्पन्न होई व पहाटे नाहीसे होई. वाक्प्रचारही अंथरुणालाच चिकटले आहेत, पलंगाला नाहीत. आजारी मनुष्य ‘अंथरूण धरतो’, दीर्घ दुखण्याने तो ‘अंथरुणाला खिळतो’, आणि व्यवहारी मनुष्याने ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ असे म्हण सांगते. वाक्प्रचार रूढ होण्यास वस्तू घरोघर असावी लागते. पलंग घरोघर नव्हता, अंथरूण होते.

३

आता शेजेच्या शब्दांकडे वळू. यांतील बहुतेक शब्द प्राकृतातून नियमित ध्वनिपरिवर्तनाने आलेले असून विद्यार्थ्यांस उदाहरणे म्हणून ते फार उपयोगी पडतात. ‘शय्या’ यापासून प्राकृत ‘सेज्जा’ व त्यापासून मराठी ‘शेज’ झाली. हिंदीत ती ‘सेज’ राहिली. मराठीत इ, ई, ए या तालव्य स्वरांपूर्वी येणाऱ्या सकाराचा शकार होत असल्यामुळे ‘शेज’ हे रूप आले. ‘सिक्ख’पासून ‘शिकणे’ आणि ‘सिक्क’पासून ‘शिंके’ ही याच नियमाची उदाहरणे. ‘खट्वा’ याचे प्राकृतात ‘खट्टा’ होऊन, जोडाक्षराचा लोप व पूर्वस्वराचे दीर्घत्व या क्रमाने मराठी ‘खाट’ सिद्ध झाली. ‘आस्तरण’पासून ‘अत्थरण’ व पुढे ‘अंथरूण’. ‘प्रावरण’ या संस्कृत शब्दाशी संबद्ध प्राकृत ‘पंगुरण’ यापासून ‘पांघरूण’. ‘उच्छीर्षक’ म्हणजे मस्तक उंच करणारे ते. त्याचे प्राकृत ‘उस्सीस’, आणि त्याच घराण्यातील मराठी ‘उशी’. अमरकोशात मंच, पर्यंक, पल्यंक व खट्वा हे शब्द समानार्थक म्हणून एकत्र दिले आहेत. मराठीने ते चारही या ना त्या रूपात जतन केले, परंतु समानार्थक मात्र ठेवले नाहीत. भाषेत पूर्ण समानार्थक शब्द फार काळ शेजारी नांदत नाहीत. त्यांच्यात कामाची वाटणी होते. ‘खाट’ सुंभाची व साधी राहिली, ‘पलंग’ प्रतिष्ठेचा झाला, आणि ‘मंचक’ देवतांकडे गेला. तुळजापूरच्या भवानीच्या निद्रेस आजही ‘मंचकी निद्रा’ म्हणतात. पंढरपुरास विठ्ठलाचे शेजघर आहे व रात्रीच्या आरतीस शेजारती हे नाव आहे. सामान्य मनुष्याच्या घरात ज्या शब्दास जागा मिळाली नाही, त्याला देवळात ती कायम मिळाली. देवाला स्वतंत्र शयनगृह होते. भक्ताला ओसरी होती.

‘खाट’ या शब्दाचा पुढील प्रवास विशेष मनोरंजक आहे. हिंदुस्थानात आलेल्या इंग्रजांनी सतराव्या शतकात हा शब्द उचलला व त्याचे ‘कॉट’ केले. तो शब्द इंग्रजीत स्थिरावला, आणि कालांतराने लोखंडी वा लाकडी निवारपट्टीच्या पलंगाचे नाव म्हणून मराठीत परत आला. आज मराठीत ‘खाट’ आणि ‘कॉट’ असे दोन्ही शब्द आहेत आणि कोणीही त्यांची अदलाबदल करीत नाही. खाट अंगणात असते, कॉट खोलीत असते. एकाच मुळाचे दोन शब्द, त्यांतील एक परदेशी जाऊन परतलेला. आणि या एका प्रवासाने त्यांच्यात ग्रामीण व नागर असा भेद उत्पन्न झाला.

४

साठवणीच्या शब्दांचा विचार केला तर मराठीची खरी कल्पकता त्यांत आढळते. जुन्या घराने सामान ठेवण्यासाठी जमीन फारशी वापरली नाही. त्याने भिंत, छत आणि उंची वापरली. भिंतीच्या जाडीत कोनाडा, देवळी आणि फडताळ; भिंतीवर खुंटी; दोन भिंतींमध्ये कपड्यांसाठी दांडी; छतापासून लोंबणारे शिंके; डोक्यावर माळा; आणि मडक्यांवर मडकी रचलेली उतरंड. धान्यासाठी भिंतीच्या पोटात बळद असे. आज ज्यास चतुर साठवण म्हणून नव्याने शिकविले जाते, तिचे तत्त्व याहून निराळे नाही : चालण्याची जमीन मोकळी ठेवावी आणि उभी जागा कामास लावावी.

‘पोटमाळा’ हा शब्द या संदर्भात लक्षात घेण्यासारखा आहे. येथील ‘पोट’ शरीराचा अवयव नव्हे. मुख्य वस्तूच्या अंतर्गत असणारी गौण वस्तू असा त्याचा अर्थ आहे. पोटजात, पोटकलम, पोटभाडेकरू, पोटनियम हे शब्द त्याच धर्तीचे. एका नामाचे उपसर्गसदृश पूर्वपदात झालेले हे रूपांतर मराठीच्या घडणीचे चांगले उदाहरण होय. मुंबईच्या चाळींत या पोटमाळ्याने सामानाबरोबर माणसेही सांभाळली.

याहून महत्त्वाचा मुद्दा असा की, घर आणि पेटी यांसाठी मराठी बहुधा एकच शब्द वापरते. ‘खण’ म्हणजे घराच्या दोन तुळयांमधील अंतर. घर किती खणांचे यावरून त्याचा विस्तार सांगत. तोच ‘खण’ कपाटाचा व टेबलाचाही असतो. फारसी ‘खाना’ म्हणजे घर. तो ‘दिवाणखाना’ व ‘कारखाना’ यांत इमारत दाखवितो, आणि लाकडी पेटीतील लहान कप्पाही ‘खाना’च असतो. स्वतः ‘घर’ हा शब्द पाहावा : चष्म्याचे घर असते, सोंगटीचे घर असते. मराठी मनाला पेटी हे लहान घर वाटते आणि घर ही मोठी पेटी वाटते. शयनगृहातील साठवण ही निराळी सोय मानण्याऐवजी घराच्याच रचनेची लहान आवृत्ती मानण्याची दृष्टी या शब्दांत अनुस्यूत आहे. आजचा सुतार कपाटाची आखणी करताना ‘वरचे दोन खण’ म्हणतो, तेव्हा जुन्या गवंड्याचा शब्द तो नकळत पुढे चालवीत असतो.

५

फर्निचरच्या शब्दांत अर्थ कोणत्या दिशेने सरकतो, हाही प्रश्न विचारात घेण्यासारखा आहे. सान्निध्यामुळे एका वस्तूचे नाव जवळच्या दुसऱ्या वस्तूस लागणे ही अर्थपरिवर्तनाची परिचित रीत होय. ‘कपाट’ याचा संस्कृतातील अर्थ दाराची फळी. भिंतीतील कोनाड्यास दारे बसविली, तेव्हा दारांचे नाव संपूर्ण वस्तूस मिळाले. आणि पुढे ती वस्तू भिंतीतून सुटून खोलीत उभी राहिली तरी नाव कायम राहिले. लोखंडी कपाटाचे दार उघडताना आपण शब्दशः ‘दाराचे दार’ उघडतो, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. ‘अलमारी’चे मूळ पोर्तुगीज असून त्याच्याही मागे लॅटिन ‘आर्मारिउम’ हा शब्द आहे. ‘आर्मा’ म्हणजे शस्त्रे वा साधने, आणि ती ठेवण्याची जागा ती ‘आर्मारिउम’.

‘वॉर्डरोब’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधील. वस्त्रे राखण्याची खोली हा त्याचा आरंभीचा अर्थ. खोलीचे नाव पुढे लाकडी वस्तूस मिळाले. ‘दिवाण’ या शब्दाचा प्रवास याहून लांबचा आहे. फारसीत तो हिशेबाच्या वह्यांचे नाव होता. वह्यांवरून कचेरी, कचेरीवरून दरबार, आणि दरबारातील भिंतीलगतची लांब बैठक असे त्याचे अर्थ होत गेले. दरबारच्या अधिकाऱ्यास मराठी दिवाण म्हणू लागली ती फार पूर्वी. बैठकीच्या वा पेटीच्या पलंगास दिवाण म्हणू लागली ती अर्वाचीन काळात. आज ज्या दिवाणाच्या पोटात रजया व गोधड्या ठेवल्या जातात, त्याच्या नावात एके काळी राज्याचे दप्तर होते. साठवण हा या शब्दाचा पहिला धर्म होता; अनेक शतकांनी तो त्याच्याकडे परत आला.

६

ऐश्वर्यसंपन्न शयनगृहाची कल्पना या देशास नवी नाही. वात्स्यायनाच्या कामसूत्रात पहिल्या अधिकरणातील नागरकवृत्त या प्रकरणात शौकीन नागरिकाच्या घराचे वर्णन आहे. त्यात बाहेरच्या वासगृहात मऊ, मध्यभागी किंचित नमलेली, दोहोंकडे उशा असलेली व शुभ्र आच्छादनाची शय्या सांगितली असून जवळ दुसरी लहान शय्याही सांगितली आहे. उशाकडे गंध व माळा यांसाठी वेदिका आहे; वीणा भिंतीवरील नागदंतास अडकविलेली आहे. नागदंत म्हणजे हस्तिदंती खुंटी. ग्रंथकाराचे लक्ष वस्तूंच्या मोलापेक्षा त्यांच्या जागेकडे अधिक आहे, हे येथे पाहण्यासारखे आहे. उशाशी काय, भिंतीवर काय, जमिनीवर काय, याचा नेमकेपणा हाच तेथील विलासाचा गाभा होय.

पेशवाईतील विलास मात्र निराळ्या शब्दांत व्यक्त झाला. १७३२ साली वास्तुशांत झालेला शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला. दगडी तट, दरवाजे व जोती तेवढी उरली. आतील महाल गेले, परंतु त्या काळची बिछायत, लोड, तक्क्या, गिरदी ही नावे भाषेत राहिली. हे सर्व शब्द जमिनीलगतच्या बैठकीचे आहेत. त्या काळचे वैभव उंच फर्निचरात नव्हते. ते पसरलेल्या बिछायतीत व भिंतींच्या नक्षीत होते. राजाच्या स्वतःच्या घरखर्चाच्या व्यवस्थेस ‘खासगी’ म्हणत. आज प्रत्येक जण ज्या अर्थाने ‘खासगी’ शब्द वापरतो, तो मूळचा सत्ताधाऱ्याचा विशेषाधिकार होता.

आजच्या ‘सूट’ या शब्दाचे मूळ फ्रेंच असून ‘मागोमाग येणारे’ असा त्याचा भाव आहे. एकामागून एक उघडणारी दालने ती ‘सूट’. अंगावर घालावयाचा ‘सूट’ही त्याच मुळाचा. मराठीत मात्र ‘सुटणे’ यापासून झालेली सवलत या अर्थाची ‘सूट’ आधीच होती. तीन अर्थ एका रूपात जमले तरी घोटाळा होत नाही, कारण लिंगभेद व संदर्भ त्यांना वेगळे ठेवतात : सूट मिळते ती स्त्रीलिंगी, घालतात वा राखून ठेवतात तो पुल्लिंगी.

७

येथवरच्या विवेचनावरून जुन्या घराचे गुणगान करण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु शब्दच त्या मोहापासून अभ्यासकास सावध करतात. संस्कृत ‘अपवरक’ म्हणजे आतली खोली. प्राकृतात त्याचे ‘ओवरय’ झाले व मराठीत ‘ओवरी’. घरातील आतल्या खोलीचे हे नाव पुढे देवळाभोवतालच्या लहान खणांस उरले. सामान्य घरात स्त्रीच्या वाट्यास निश्चितपणे येणारी खोली एकच, आणि तिचे नाव ‘बाळंतिणीची खोली’. ती काळोखी असे, तीत बाज असे, शेगडी असे, आणि ती थोड्या दिवसांपुरती तिची असे. एरवी घरातील सुनेस दार लावून घेता येईल अशी जागा नव्हती. तिच्या मालकीची बंदिस्त जागा म्हणजे तिची पेटी वा ट्रंक. माहेरून आलेल्या त्या पेटीची किल्ली हाच तिचा खासगीपणा. मराठीने पेटीला ‘घर’ मानले असे वर म्हटले आहे. पुष्कळ स्त्रियांच्या बाबतीत ते अलंकाराने नव्हे, तर अक्षरशः खरे होते.

मुंबईच्या चाळींनी या स्थितीत भर घातली. मुंबई विकास विभागाने १९२० नंतरच्या दशकात बांधलेल्या चाळींतील खोली साधारण १६० चौरस फुटांची. अशा ठिकाणी ‘खोली’ हा शब्द घराच्या एका भागाचा वाचक न राहता संपूर्ण घराचा वाचक झाला. ‘खोली घेतली’ म्हणजे बिऱ्हाड केले. नवविवाहित जोडप्यासाठी इतरांनी गॅलरीत अंथरुणे घालावीत, रात्रपाळीच्या माणसाने दिवसा त्याच जागी निजावे, असा व्यवहार रूढ झाला. या चाळींच्या पुनर्विकासात पात्र रहिवाशास ५०० चौरस फुटांची सदनिका देण्याची योजना आहे. जेथे दार लावून झोपण्याची सोय नव्हती तेथील कुटुंबांच्या बोलण्यात ‘बेडरूम’ हा शब्द आला, तर त्यास केवळ इंग्रजीचे अनुकरण म्हणून हिणविणे न्याय्य होणार नाही. नवी वस्तू आली, नवा अधिकार आला, आणि त्याबरोबर नवा शब्द आला. ‘माजघर’ हा त्याचा प्रतिशब्द होऊ शकत नाही. कारण माजघरात सर्वांचे सर्व काही होते, आणि बेडरूममध्ये कोणा एकाचे काही असते.

८

मग भाषेच्या अभ्यासकाचे कर्तव्य कोणते? ‘बेडरूम’च्या जागी ‘शयनगृह’ सक्तीने बसविणे हे नव्हे. ‘शयनगृह’ लेखनात चालते, बोलण्यात ते अवघडते. बोलणाऱ्याने निवड केलेली आहे. परंतु साठवणीच्या शब्दांची गोष्ट वेगळी आहे. तेथे मराठी शब्द अपुरा नाही. त्याची वस्तू तेवढी डोळ्यांआड होत आहे. वाडा पाडला जातो तेव्हा विटा आणि तुळया विकल्या जातात; कोनाडा, देवळी, फडताळ, बळद, वलण ही नावे कोणी विकत घेत नाही. भिंत पातळ झाली की कोनाडा अशक्य होतो, आणि कोनाडा अशक्य झाला की त्याचे नाव पुढील पिढीस केवळ जुन्या कादंबरीत भेटते. ‘मनाचा कोनाडा’ असे लिहिणाऱ्याच्या वाचकाने कोनाडा पाहिलेला नसेल, तर ते रूपक उरत नाही, नुसता ध्वनी उरतो.

मोल्सवर्थने १८३१ मध्ये व सुधारून १८५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोशाचे आणि पुढे दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे मोठेपण असे की, त्यांनी ग्रंथांतील शब्दांबरोबर घरातील शब्दही वेचले. ते काम पूर्ण झालेले नाही. प्रत्येक शब्दाबरोबर वस्तूचे माप, तिचे घरातील स्थान, ती कोण वापरीत असे आणि कोणास वापरता येत नसे, याची नोंद झाली पाहिजे. ही शेवटची नोंद सर्वांत महत्त्वाची. माहिती देणाऱ्या वृद्ध स्त्रीस ‘या वस्तूला काय म्हणत’ एवढेच विचारून थांबू नये. ‘तुम्ही कोठे निजत होता’ हेही विचारावे. पहिल्या प्रश्नाने शब्द मिळतो. दुसऱ्याने त्या शब्दाचा अर्थ मिळतो.